मृगाला बंद, दसऱ्याला चालू

आजीच्या पदराला म्हणे दोन गाठी असायच्या. एकीत निजामाचे हाली पैसे, दुसरीत इंग्रजांचे कलदार. मी पाहिलं तेव्हा त्या पदरात सुपारी आणि तंबाखूच होती, तेव्हा ही ऐकीव गोष्ट. पण सासर नरसी नामदेवला म्हणजे निजामाच्या मुलखात, आणि माहेर उमरखेडच्या पुढं, बिटरगावच्या रानात, म्हणजे वऱ्हाडात. मधे पैनगंगा. अलीकडं करोडगिरीचा नाका. नाक्यावरच्या शिपायाला धपाटे आणि तिळाची चटणी दिली की गाडी सुटायची, असं आजी सांगे. आजोबा म्हणत, धपाटे कशाचे, चार आणे! दोन्ही दिले असतील.

ढाणकीपर्यंत वाट बरी. तिथून पुढं सागाचं रान आणि गाडवाट. आजीला ती तोंडपाठ होती. कुठं बैल बिचकतात, कुठं चारं पिकतात, कोणत्या उतरणीला खाली उतरून पायी चालायचं. एका चढावर उघडा खडक होता, त्यात चाकांनी घासून दोन बोटं खोल चाकोरी पडलेली. गाडी त्या चाकोरीत बसली की बैलांना हाकावं लागायचं नाही, चाक आपसूक वर चढायचं. लहानपणी एकदा मीही त्या खडकावर बोट फिरवलंय. किंवा आजीनं इतक्यांदा सांगितलं, की फिरवल्यासारखं वाटतंय.

त्या वाटेचा एक शिरस्ता होता. मृग लागला की गाडी घालायची नाही. काळ्या मातीत ओल्यात चाक गेलं तर गुडघाभर घळ पडते, पाणी तिच्यातूनच धावतं आणि दोन पावसाळ्यांत वाटेचा ओढा होतो. म्हणून मृगाला वाट बंद, दसऱ्याला चालू. दिवस भरत आलेल्या बाईला मृगाच्या आधीच ढाणकीकडं कुणा सोयऱ्याकडं नेऊन ठेवायचं. दसरा झाला की घरटी एक माणूस कुदळ-टोपलं घेऊन मुरूम टाकायला. आंध, कोलाम, गोंड, तांड्यावरचे बंजारे, सगळे. जो येणार नाही त्यानं सगळ्यांना गूळ-शेंगदाणे द्यायचे. आजीचा एक चुलता दरसाल गूळच द्यायचा म्हणे. माणूस आळशी, पण हात सढळ.

सरकारचा शिरस्ता वेगळा होता. १९२७ च्या वन कायद्याचं २५ वं कलम सांगतं, की राखीव जंगलातली वाट, सार्वजनिक असो की खाजगी, सरकारच्या मंजुरीनं वन अधिकाऱ्याला बंद करता येते. मात्र तिच्याऐवजी सोयीची दुसरी वाट असायला हवी किंवा करून द्यायला हवी. सोयीची आहे की नाही, हे ठरवायचं सरकारनंच. डोक्यावर मोळी घेऊन चालणाऱ्या बाईला त्यात विचारणा नाही. जंगल राखीव करण्याआधी मात्र गावोगाव त्यांच्या भाषेत जाहीर करायचं आणि हक्क सांगायला किमान तीन महिने द्यायचे, असं त्याच कायद्यात आहे. आता दवंडी ऐकून रानातला माणूस तीन महिन्यांत कागद कुठून आणणार?

पुढं १९३० साली १० जुलैला पुसदला लोकनायक बापूजी अण्यांनी राखीव जंगलातलं गवत कापून सत्याग्रह केला. आजीचे वडील तिथं विळा घेऊन गेले होते, की नुसते बघायला, यावर आमच्या घरात दोन तट आहेत. आजी विळ्याच्या बाजूची.

ती वाट आमच्या घराला खरी कामी आली १९४८ ला. रझाकारांच्या धाकानं श्रावणात नरसी सोडून सगळे आजीच्या माहेरी निघाले. गाडी ढाणकीलाच सोडली, कारण दिवस पावसाचे. थोरले चुलते कडेवर, डोक्यावर ज्वारीचं गठुडं. १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. आमची माणसं मात्र दसऱ्यानंतर परतली. वाट चालू झाल्यावर.

आता ते रान पैनगंगा अभयारण्यात आहे. तीन अंगांनी नदी, आत गावं. लोक त्याला बंदी भाग म्हणतात. रस्ता मागणारी माणसं एका बाजूला, जंगलाची परवानगी दुसऱ्या बाजूला, हे तिथलं जुनं रडगाणं. १९७२ च्या कायद्यानं अभयारण्यातून सार्वजनिक हमरस्त्यानं जायला परवाना लागत नाही. गाडवाटेला हमरस्ता कोण म्हणणार? २००६ च्या वनहक्क कायद्यानं थोडी फट ठेवली. ग्रामसभेनं शिफारस केली तर रस्त्यासाठी एक हेक्टरच्या आतली वनजमीन देता येते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं पडणार नसतील तर.

आजीच्या माहेरचे काका दरसाल परतवारीला येतात. आषाढ वद्य एकादशी. पंढरीहून परतलेला वारकरी नामदेवरायाच्या जन्मगावी टेकल्याशिवाय घरी जात नाही. नरसीत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. ओसरीवर भगर आणि शेंगदाण्याची आमटी खाताना मी त्यांना सांगितलं, की अमेरिकेत सरकारी जंगलातले कोणते रस्ते गाड्यांना खुले ठेवायचे, हे ठरवताना लोकांना विचारावं लागतं, २००५ चा तसा नियमच आहे. नकाशे मांडून विचारतात म्हणे.

काकांनी आमटीचा भुरका मारला. "नकाशात गाडवाट असती का त्यांच्या?"

मग म्हणाले, "डांबर काहून पाह्यजे सगळीकडं? डांबर आलं की रातच्याला सागाचे ट्रक येतेत. रातीला फाटक लावा, आमचं काही म्हणनं नाही. पण बाई अडली तर चावी गावात असावी."

मला ते पटलं. जंगलाला फाटक नकोच, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही.

ग्रामसभेत मांडायला अर्ज मीच लिहून दिला. रात्री फाटक, चावी पाटलांच्या घरी, दसऱ्यानंतर घरटी एक माणूस मुरमाला. काकांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि खाली एक कलम वाढवायला लावलं: पावसाळ्यात गाडी घालणारा कोणीही असो, खात्याची जीप असली तरी, त्यानं गावाला गूळ-शेंगदाणे द्यावेत.