गाळ, पाळ आणि लोडरचा ट्रॅक्टर

१/ माती उचलणारे पिवळे यंत्र दिसले, की गोंदिया जिल्ह्यातील लहान मूलही त्याला 'जेसीबी' म्हणते. ही मुळात एका इंग्रज माणसाच्या नावाची आद्याक्षरे, आणि त्या यंत्राचा पूर्वज म्हणजे पुढे लोडर जोडलेला शेतीचा ट्रॅक्टर. येथे त्याच्या वाट्याला आलेले एक काम मात्र त्याच्याहून कितीतरी जुने आहे: तलावातील गाळ काढणे.

२/ गोंड राजवटीत पूर्व विदर्भात कोहळी समाजाने तलाव बांधले. उतार हेरून मातीची पाळ घालायची, पावसाचे पाणी अडवायचे आणि ते धानाच्या बांध्यांत सोडायचे. नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला, अशी परंपरा आहे.

३/ पाण्याबरोबर गाळ येतोच. उन्हाळ्यात तलाव आटला, की कुदळ-फावड्याने तो खणून बैलबंडीने शेतात नेला जाई. तलाव खोल राही, धानाला खत मिळे. इंग्रजी अमलात गावाची मालकी मालगुजाराकडे आली आणि तलावांची देखभालही त्याच्याभोवती फिरू लागली.

४/ हा प्रदेश तेव्हा मध्य प्रदेशात होता. ३१ मार्च १९५१ रोजी तेथील मालगुजारी संपली. तलाव शासनाकडे गेले; 'माजी मालगुजारी' म्हणून त्यांना 'मामा तलाव' हे नाव पडले. पुढे लहान तलावांचा कारभार जिल्हा परिषदेकडे आला. मालगुजारी गेली हे न्याय्यच होते. पण तिच्याबरोबर देखभालीची जुनी घडीही विस्कटली. पाणी सर्वांचे झाले. गाळ मात्र कोणाचाच राहिला नाही.

५/ त्याच काळात इंग्लंडमध्ये जोसेफ सिरिल बॅमफर्ड हे फोर्डसन मेजर ट्रॅक्टरच्या पुढे हायड्रॉलिक लोडर बसवत होते. १९५३ मध्ये त्यांनी मागे खोदणारा हातही जोडला. इकडे १९६३ मध्ये महिंद्रने इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या साथीने ट्रॅक्टर कंपनी काढली, तर १९७९ मध्ये एस्कॉर्ट्सच्या भागीदारीतून जेसीबी भारतात आली.

६/ धान पिकवणाऱ्या शेतकऱ्याला एकाच ट्रॅक्टरकडून चिखलणी, ट्रॉली आणि लोडर ही तिन्ही कामे हवी असतात. तेथे केवळ अश्वशक्ती पाहून भागत नाही. बादली भरून वर उचलली, की भार पुढच्या आसावर येतो आणि मागची चाके हलकी होतात. म्हणून पुढचा आस दणकट, हायड्रॉलिक पंप पुरेसा आणि मागे वजन जोडलेले हवे. कन्हार जमिनीतला ओला गाळ फार जड असतो. तो भरून चालताना बादली जमिनीलगतच ठेवावी लागते. पाळीच्या उतारावर हा नियम मोडला, तर ट्रॅक्टर उलटून चालकाच्या जिवावर बेतते.

७/ चिखल हा या यंत्राचा मुख्य शत्रू. तो सील झिजवतो, पिनांमधले ग्रीस काढून टाकतो, रेडिएटरच्या जाळ्या बुजवतो. हायड्रॉलिक तेल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी शिरले असे समजावे. डिझेलमधले पाणी वेळीच काढले नाही, तर पंप आणि इंजेक्टर निकामी होतात. काम संपताच धुणे आणि ग्रीस भरणे, ही दहा मिनिटे भर हंगामातला मोठा खर्च वाचवतात.

८/ २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आणली. गाळ पुन्हा शेतात नेण्याची ही कल्पना बैलबंडीच्या काळातलीच. फक्त बंडीच्या जागी ट्रॉली आली.

९/ मामा तलाव आणि ट्रॅक्टर, दोघांचा इतिहास एकच गोष्ट सांगतो. बांधणाऱ्याचे किंवा विकत घेणाऱ्याचे नाव मागे उरते. पण दोन्ही टिकतात ते दरवर्षी गाळ काढणाऱ्या आणि रोज ग्रीस भरणाऱ्या हातांमुळे. ते हात कोणाचे, हे गावाने ठरवले नाही, तर पाळ उभी राहते आणि तलाव मात्र आतून भरत जातो.