यंत्राची परीक्षा आणि लिपीचा रकाना

पुस्तकपरीक्षणाचा इतिहास आपल्याकडे थोडाफार लिहिला गेला आहे, नाट्यपरीक्षणाचाही. यंत्रपरीक्षणाचा इतिहास कुणी लिहिल्याचे आमच्या पाहण्यात नाही, आणि त्याचे नवलही वाटत नाही. नवा फोन बाजारात आला की त्यावर आठ दिवसांत मते उमटतात आणि पुढचा फोन आला की ती शिळी होतात. इतक्या अल्पायुषी लेखनाकडे साहित्याच्या अभ्यासकाने का वळावे? आमचे उत्तर असे, की गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मराठी कशी लिहिली आणि वाचली गेली, ह्यावर ह्या लेखनाने न बोलता मोठा परिणाम केला आहे. न बोलता हा शब्द येथे अक्षरशः घ्यावा. त्याने काय मोजले ह्यापेक्षा काय मोजले नाही, ते अधिक महत्त्वाचे ठरले.

ह्या लेखनप्रकाराला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत वॉल्ट मॉसबर्ग ह्यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. १७ ऑक्टोबर १९९१ रोजी 'वॉल स्ट्रीट जर्नल'मध्ये त्यांचे सदर सुरू झाले. संगणक वापरायला अवघड आहेत आणि तो दोष वापरणाऱ्याचा नाही, ही त्यांची भूमिका. ती क्रांतिकारक होती असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. तोवर यंत्रावर मत द्यायचे ते अभियंत्याने. मॉसबर्ग ह्यांनी ते काम सामान्य वाचकाच्या बाजूने उभे राहून करायचे ठरवले. समीक्षेच्या परिभाषेत बोलायचे तर निर्मितिकेंद्री परीक्षण मागे पडून आस्वादककेंद्री परीक्षण आले. मात्र हा सामान्य वाचक रोमन लिपीत लिहिणारा आहे, हे त्यात गृहीतच होते. ते बोलून दाखवण्याची गरज ना लेखकाला भासली, ना त्याच्या वाचकाला.

लिपीचा प्रश्न त्या जगात कधी आलाच नाही असे मात्र नव्हे. तो फार गाजावाजा होऊन आला. ऑगस्ट १९९३ मध्ये ॲपल कंपनीने 'न्यूटन मेसेजपॅड' हे हातात मावणारे यंत्र विकायला काढले. त्याला कळा नव्हत्या. पडद्यावर लेखणीने आपल्या नेहमीच्या हस्ताक्षरात लिहावे आणि यंत्राने ते ओळखावे, अशी त्याची प्रतिज्ञा होती. ती फार मोठी प्रतिज्ञा होती, आणि सुरुवातीच्या यंत्रांना ती पेलली नाही. लिहावे एक आणि यंत्राने वाचावे भलतेच, असे होऊ लागले. गॅरी ट्रुडो ह्यांच्या 'डून्सबरी' ह्या व्यंगचित्रमालिकेने त्याच महिन्यात ह्या घोटाळ्याची अशी टिंगल केली, की पुढे १९९६ मध्ये हस्ताक्षर ओळखण्याची पद्धत बरीच सुधारली तरी यंत्राची अपकीर्ती पुसली गेली नाही. फेब्रुवारी १९९८ मध्ये न्यूटन बंद झाले. यंत्राच्या अपयशात एखाद्या व्यंगचित्राचा इतका वाटा असावा, ही गोष्ट वाङ्मयाच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मधल्या काळात, १९९६ मध्ये, जेफ हॉकिन्स ह्यांचे 'पाम पायलट' आले होते. हॉकिन्स ह्यांनी न्यूटनचा धडा नेमका उलट्या बाजूने घेतला. यंत्राला माणसाचे अक्षर शिकवण्याऐवजी त्यांनी माणसालाच यंत्राचे अक्षर शिकायला लावले. 'ग्राफिटी' ह्या नावाची ही लेखनपद्धती रोमन वर्णमालेचीच, पण छाटलेली होती. बहुतेक अक्षरे लेखणी न उचलता एका फटकाऱ्यात काढायची; पहिल्या 'ए'ची आडवी रेघ गाळून नुसते छप्पर काढायचे. लोकांनी ती आनंदाने गिरवली. परीक्षकांनीही कौतुक केले, कारण यंत्र आता चुकत नव्हते. चुकणाऱ्या यंत्राला हसणारा माणूस, न चुकणाऱ्या यंत्रासाठी स्वतःची वर्णमाला बदलायला एका झटक्यात तयार होतो! ह्या घटनेचा अर्थ त्या वेळच्या परीक्षणांतून फारसा शोधला गेला नाही. सोय एवढाच निकष असला की तो शोधण्याचे कारण उरत नाही.

मराठी वाचकाला मात्र ही गोष्ट ओळखीची वाटावी. लेखणी शक्यतो न उचलता भरभर लिहिण्यासाठी वळणावर आलेली मोडी आपल्याकडे शतकानुशतके चालली. छापखाना आला आणि छपाईला बाळबोध सोयीची ठरली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळांतून आणि व्यवहारातून मावळली. बाळबोधीचेही सगळे सुखाचे नव्हते. काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे मिळून शेकडो खिळे लागत. ह्या अडचणीला दोन उत्तरे दिली गेली. एक कारागिराचे: १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढणाऱ्या जावजी दादाजींनी देखणे खिळे पाडून यंत्राला लिपीपुढे नमवले. दुसरे सुधारकाचे: सावरकरांच्या लिपिशुद्धीने अ-ची बाराखडी सुचवून खिळे कमी करू पाहिले, म्हणजे लिपीला यंत्राच्या मापात बसवू पाहिले. ह्या दोन्ही उत्तरांचे गुणदोष काहीही असोत, त्यांच्यामागे वाद होता, लेख होते, पक्ष-प्रतिपक्ष होते. फोनच्या काळात तसा वाद जवळजवळ झालाच नाही.

वास्तविक त्याला निमित्ते भरपूर होती. लघुसंदेशाचेच पाहा. १९८५ मध्ये बॉन शहरात फ्रीडहेल्म हिलेब्रांट हे अभियंते टंकलेखन यंत्रापुढे बसून सुचतील ती वाक्ये लिहीत आणि त्यांतली अक्षरे मोजत. बहुतेक वाक्ये १६० अक्षरांच्या आत संपतात, पोस्टकार्डांवरचा मजकूरही साधारण तेवढाच भरतो, असे त्यांना आढळले, आणि १६० हा आकडा पक्का झाला. ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडात पहिला संदेश गेला. भारतात मोबाइलवरचे पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ चे, कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीला सुखराम ह्यांच्याशी केलेले. त्यानंतरच्या दहा वर्षांत संदेश हा आपल्याकडे पत्राचा पर्याय होऊ लागला, आणि तेव्हा उमगले की ते १६० रोमनांपुरतेच होते. देवनागरीसाठी वापरावी लागणारी संकेतपद्धती दर चिन्हाला दोन बाइट खाते, त्यामुळे एका संदेशात चिन्हे मावतात ७०. शिवाय मोजली जातात ती अक्षरे नव्हेत, तर चिन्हे: प्रत्येक काना, प्रत्येक अनुस्वार, जोडाक्षरातला प्रत्येक हलन्त वेगळा. 'स्वातंत्र्य' हा शब्द आपल्या कानाला आणि डोळ्याला तीन अक्षरांचा. संदेशाच्या हिशेबात तो अकरा चिन्हांचा. असे सहा शब्द लिहिले की, मधल्या जागा धरून, एक संदेश संपतो आणि दुसऱ्याचे पैसे सुरू होतात.

तेव्हा लोकांनी पायलटवाल्यांनी केले तेच केले. यंत्राची वर्णमाला उचलली. काही स्वस्त फोनांच्या कळांवर देवनागरी अक्षरे छापलेली असत, हे खरे. पण एकेक कळ तीन-चारदा दाबून जोडाक्षर घडवण्यापेक्षा मराठी रोमनमध्ये लिहिणे कितीतरी सुटसुटीत होते. कुणी सक्ती केली नाही, कुणी फतवा काढला नाही. रोमन मराठीत 'ल' आणि 'ळ' एक झाले, 'न' आणि 'ण' एक झाले, 'त' आणि 'ट' एक झाले. 'तो काल गेला' आणि 'तो काळ गेला' ही दोन वाक्ये पडद्यावर सारखीच दिसू लागली. प्रसंगावरून अर्थ कळत असे, म्हणून कुणाचे अडले नाही. 'भाषा बिघडली' असा गळा काढणाऱ्यांपैकी आम्ही नाही; त्या संदेशांत थट्टा होती, प्रेम होते, भांडणे होती, आणि भाषा तिच्या जागी शाबूत होती. गेली ती लिपी. आणि मोडीच्या वेळी मागे रुमालांचे ढीग तरी उरले. त्या साध्या फोनांत मोजके संदेश मावत. जागा भरली की जुने पुसायचे. मराठी पत्रव्यवहाराच्या इतिहासात एका अख्ख्या दशकाचे पान ह्यामुळे जवळजवळ कोरे राहणार आहे.

ह्याच वर्षांत बंगळूरमध्ये एक वेगळा प्रयत्न चालू होता, आणि यंत्रपरीक्षणाच्या इतिहासात तो फार बोलका आहे. १९९८ मध्ये विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन आणि व्ही. विनय ह्या भारतीय विज्ञान संस्थेतील अध्यापकांनी काही उद्योजकांबरोबर 'सिंप्यूटर'ची कल्पना मांडली. निरक्षर माणसालाही वापरता यावे असे स्वस्त हातयंत्र, भारतीय भाषांतील मजकूर वाचून दाखवणारे, गावात अनेकांनी आपापल्या स्मार्ट कार्डावर आळीपाळीने वापरायचे. २००१ मध्ये त्याचा नमुना लोकांपुढे आला आणि डिसेंबरमध्ये ब्रूस स्टर्लिंग ह्या विज्ञानकथाकाराने 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या साप्ताहिकात संगणकाच्या क्षेत्रातली त्या वर्षातली सर्वांत महत्त्वाची कल्पना म्हणून त्याचा गौरव केला. येथे प्रथमच परीक्षकाने यंत्राला 'कुणासाठी' आणि 'कोणत्या भाषेत' हे प्रश्न विचारले होते. मार्च २००४ मध्ये 'अमिडा' ह्या नावाने ते बाजारात आले तेव्हा त्याची किंमत दहा हजारांच्या आसपास सुरू होत होती, आणि हात हलवून पान उलटण्याची सोयही त्यात होती. तोवर साधे फोन त्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळू लागले होते. यंत्र चालले नाही. पण त्याच्याबरोबर ते दोन प्रश्नही हौशी परीक्षणाच्या बाहेर फेकले गेले, आणि आमच्या मते खरे नुकसान तेच.

२९ जून २००७ रोजी अमेरिकेत आयफोन विक्रीला आला. मॉसबर्ग, डेव्हिड पोग, स्टीव्हन लेव्ही आणि एड बेग ह्या चौघांना तो आधी देण्यात आला होता. कळा नसलेल्या काचेवर टंकन करता येईल का, ह्याची त्यांनी कसून परीक्षा केली. मोठ्या प्रश्नाच्या इतक्या जवळ येऊन ती परीक्षा थांबली. वास्तविक कळा नाहीशा होणे ही देवनागरीसाठी मोठी संधी होती, कारण काचेवर कोणतीही वर्णमाला उमटवता येते. खिळ्यांचा खर्च तेथे नाही. २२ ऑगस्ट २००८ रोजी भारतात तो आला तेव्हा आठ गिगाबाइटांच्या फोनाची किंमत ३१ हजार रुपये होती. चर्चा झाली ती किमतीची.

मग ॲन्ड्रॉइडचे फोन आले, स्वस्त झाले, आणि मराठी वाचकाच्या हातात चौकटी आल्या. मराठी मजकूर उघडावा तर अक्षरांच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटींच्या रांगा. काही फोनांत अक्षरे दिसत, पण सुटी: ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे, जोडाक्षरांचे पाय मोडलेले. ह्यात गूढ काही नव्हते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, आणि तिचा पाया आपल्याच देशात तयार झालेल्या 'इस्की' ह्या संकेतपद्धतीचा होता. पण त्या पद्धतीत वेलांटी साठवली जाते व्यंजनानंतर आणि दाखवायची असते आधी. ही जुळणी करणारा भाग फोनात असावा लागतो. तो घालणे कुणाला निकडीचे वाटले नाही. लोकांनी वाट काढलीच. 'ओपेरा मिनी' ह्या न्याहाळकात एक आडबाजूची सोय होती: ती चालू केली की दूरचा संगणक मराठी मजकुराचे चित्र करून फोनाकडे पाठवी. म्हणजे त्या दिवसांत कित्येकांनी मराठी वाचली ती अक्षरांत नव्हे, चित्रांत. शिळाप्रेसची आठवण व्हावी असा हा प्रकार! आणि ह्याच काळात मराठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून नव्या फोनांवर मते येत होती. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल, बॅटरीचे तास, पडद्याचे इंच ह्यांचे रकाने भरलेले असत. हा फोन हा लेख दाखवू शकतो का, असा रकाना आमच्या पाहण्यात तरी क्वचितच आला.

५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत 'आकाश' टॅब्लेट जाहीर झाला. विद्यार्थ्यांसाठी, सरकारी खरेदीत सव्वादोन हजारांच्या घरात, ॲन्ड्रॉइडच्या २.२ ह्या आवृत्तीवर. हौशी परीक्षकांनी त्याचा मंद वेग आणि जोराने दाबावा लागणारा पडदा ह्यांचे वाभाडे काढले, आणि ते चुकीचे नव्हते. परंतु त्या आवृत्तीत मुळात देवनागरीची सोयच नव्हती, हा दोष विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या यंत्रात त्यांना सगळ्यांत मोठा वाटायला हवा होता. पुढे हे काम पवईच्या आयआयटीकडे आले आणि २०१२ मध्ये सुधारलेली आवृत्ती निघाली. त्या दरम्यान ॲन्ड्रॉइडमध्येही देवनागरी आली, आणि चौकटी हळूहळू गेल्या. २०१६ मध्ये भारतीय मानक ब्यूरोच्या मानकाने प्रत्येक फोनावर अनुसूचीतील २२ भाषा वाचता याव्यात आणि इंग्रजी, हिंदी व आणखी किमान एक भारतीय भाषा लिहिता यावी, असे ठरवले. २०१७ मध्ये गूगलच्या कळफलकावर मराठी बोलून लिहिण्याची सोय झाली. आज मराठी लेखक फोनावर कथा लिहितात.

तरीही दिसणे आणि असणे ह्यांत अंतर आहे, आणि ते आता आपल्या कामाच्या टेबलावर येऊन बसले आहे. ज्या मोडीला छापखान्याने बाजूला सारले तिला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली. पण मराठीला रोज लागणारा 'ॲ' हाही त्यात स्वतंत्र वर्ण म्हणून २००८ मध्येच आला. तोवर तो 'अ'वर चंद्र ठेवून लिहिला जाई, आणि अनेक कळफलकांवर अजूनही तसाच लिहिला जातो. डोळ्यांना दोन्ही सारखे; यंत्राच्या लेखी ते दोन निराळे शब्द. 'वाऱ्यावर'मधला डोळ्याच्या पापणीसारखा 'र' तर दोन तऱ्हांनी घडवता येतो. एखाद्या विद्यार्थ्याने टॅब्लेटवर हजार लेखांचा संग्रह उघडून 'ॲरिस्टॉटल' शोधला आणि यंत्राने चाळीस उल्लेख दाखवले, तर उरलेले उल्लेख शोधण्यासाठी त्याला तोच शब्द दुसऱ्या तऱ्हेने पुन्हा लिहावा लागतो. आणि हे त्याला ठाऊक नसेल, तर प्रबंधात आकडा चाळीसच जातो.