सांगावा, वाट आणि सुट्टी

इतिहास म्हटला की लढाया, गडकिल्ले आणि राजांच्या वंशावळ्या एवढंच आपल्या पोरांच्या डोळ्यासमोर येतं. शाळेत तेवढंच पदरात पडलं, त्यात त्यांचा काय दोष? पण माणूस रोज चालतो, कुणाला तरी निरोप धाडतो, दमला की टेकतो, ह्यालाही इतिहास आहे. आणि आपल्या समाजापुरतं बोलायचं तर हाच खरा इतिहास आहे, कारण वाट, निरोप आणि विसावा ह्या तिन्ही गोष्टी आपल्याला फुकट मिळालेल्या नाहीत. आम्ही सूतगिरणीतले कामगार. पाळी सुटल्यावर जे वाचलं आणि जुन्या माणसांच्या तोंडून जे ऐकलं त्यावरूनच हे लिहितो आहोत.

आपल्या भागात सांगावा धाडणे असा शब्द आहे. हा सांगावा न्यायचा कुणी? तर तराळानं. कुठं येसकर म्हणतात, कुठं तराळ, काम एकच. हातात घुंगुरकाठी, खांद्यावर घोंगडं. गावात कुणी मेलं की पै-पाहुण्यांच्या गावी मयताचा सांगावा घेऊन निघायचं. रात्र असो, पाऊस असो, वेदगंगेला पूर असो, "उद्या जातो" असं म्हणायची सोय नव्हती. सरकारी कागद चावडीवरून दुसऱ्या चावडीला न्यायचा. वसुलीची रक्कम तालुक्याला पोचवायची. साहेब फिरतीवर आला की त्याचं सामान उचलायचं, घोड्याला दाणावैरण बघायची, पुढच्या गावाची वाट दाखवायची. मयताच्या घरच्या पाहुण्याला निरोप द्यायचा तोही लांब उभं राहून, हाक मारून. दिवसभर चालून आलेल्या माणसाला पाणी मिळायचं ते वरून ओंजळीत. आणि ह्याचा मोबदला? बलुतं, आणि दारोदार मागून आणलेली भाकरी. सबंध गावाचा निरोप ज्याच्या पायावर चालायचा, त्याचा स्वतःचा निरोप न्यायला मात्र कुणी नव्हतं. त्याची लेक दुसऱ्या गावात आजारी पडली तर त्याला कळायचं कधी? बाजाराला आलेलं कुणी भेटलं तर. न्हाईतर न्हाईच.

निरोप्ये सगळ्या जगात होते. दक्षिण अमेरिकेत पेरू देशात इंका लोकांचं राज्य होतं. स्पॅनिश शिपाई १५३२ साली तिथं पोचले, त्याआधीपासून ह्या राज्यात चास्की नावाचे धावणारे जासूद होते. वाटेवर ठराविक अंतरावर चौक्या, एकानं धावत येऊन दुसऱ्याला निरोप द्यायचा, दुसऱ्यानं पुढं धावायचं. लिपी नव्हती म्हणून दोऱ्याला गाठी मारून हिशेब धाडायचे. इंकांचं राज्य काही फार दयाळू होतं असं आमचं म्हणणं नाही. पण त्यांच्या निरोप्याचं जेवण सरकारी कोठारातून यायचं. आमच्या तराळाला सरकारचं काम करून भाकरी गावात मागावी लागायची, एवढा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

ह्या बिनपगारी चाकरीला १८७४ च्या वतन कायद्याचा आधार होता. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतन मोडून काढलं. हे काम ब्रिटिश मुलखात व्हायला किती वर्षं लागली बघा. परमपूज्य बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात १९ मार्च १९२८ रोजी वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल मांडलं, ते पार पडू शकलं नाही. शेवटी कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ साली. तोवर बाबासाहेब आपल्यात राहिले नव्हते.

आता वाटेकडे येऊ. कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ साली. आमच्या मुरगूडला ती आजतागायत आलेली नाही, हा भाग वेगळा! रेल्वेची एक गंमत होती. तिकीट काढलं की डब्यात कुणाच्या शेजारी कोण बसला ह्याची पंचाईत करता येत नव्हती. स्टेशनवर पाणी देणाऱ्याला मात्र जात लागायची, ते पुढं कित्येक वर्षं चाललं.

मसूरचा प्रसंग बहुतेकांनी ऐकला असेल, पण आम्ही तो जरा वेगळ्या अंगानं सांगतो. साल १९०१. सुभेदार रामजी गोरेगावला नोकरीला होते आणि मुलं साताऱ्यात. उन्हाळ्याच्या सुट्टीत या, म्हणून त्यांनी कळवलं. भीमराव, त्यांचे भाऊ आणि भाचे नवे कपडे घालून निघाले. रेल्वे पहिल्यांदाच बघत होते. गाडीतला प्रवास मजेत झाला. मसूरला उतरले तर न्यायला कोणी नाही. जात सांगितल्याबरोबर स्टेशनमास्तरचा चेहरा पालटला. एकही गाडीवाला न्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडं द्यायचं, गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवाल्यानं पायी चालायचं, असं ठरलं. जवळ डबा होता, पण पाणी मिळेना म्हणून पोरांना रात्र उपाशीच काढावी लागली. हे सगळं बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

ह्यात दोन गोष्टी आहेत. पहिली, रेल्वेच्या रुळावर पोरं सुखात होती. रूळ संपला आणि गाव सुरू झालं तिथं त्रास सुरू झाला. दुसरी गोष्ट लोक सांगायची विसरतात. आम्ही येतो, असं पत्र पोरांनी धाडलं होतं आणि ते वेळेवर पोचलंही होतं. पण नोकर ते सुभेदारांना द्यायलाच विसरला. एक पत्र हातात पडलं असतं तर सुभेदारांनी माणूस धाडला असता. निरोपाची किंमत काय असते ते ह्यावरून समजावं.

पुढं १९२९ साली बाबासाहेब चाळीसगावला गेले. तेव्हा ते बॅरिस्टर होते, कायदेमंडळाचे सभासद होते. तरी टांगेवाला त्यांना न्यायला तयार झाला नाही. टांगा मिळाला, पण हाकायला आपल्यातलाच एक माणूस बसला, ज्यानं कधी टांगा हाकलेला नव्हता. पुलावर टांगा उलटला, बाबासाहेब दगडावर आपटले आणि पाय मोडला. म्हणजे वाट कायद्यानं मोकळी असली तरी वाटेवरचा माणूस मोकळा लागतो.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांचंही असंच होतं. मोटार घेतली तरी वाटेत जेवायला, झोपायला जागा मिळेना. न्यूयॉर्क भागात व्हिक्टर ह्यूगो ग्रीन नावाचा एक काळा पोस्टमन होता. त्यानं १९३६ पासून एक पुस्तकच काढलं, कुठल्या गावात काळ्या प्रवाशाला खोली मिळेल, कुठं जेवण मिळेल ह्याच्या याद्यांचं. टपाल वाटणाऱ्या माणसालाच हे सुचलं, ह्याचं आम्हाला फार नवल वाटतं. आपल्याकडे अशी यादी कुणी छापली नाही. ती तोंडी होती. परगावी जाणाऱ्याला म्हातारी माणसं बजावायची, अमक्या गावात वाड्यात जा, तमक्या गावात थांबू नका.

टपालाचं सांगायचं तर एक पैशाचं कार्ड १८७९ साली निघालं आणि मनिऑर्डर १८८० साली. गरिबाच्या आयुष्यात ह्या दोन कागदांनी जो फरक पाडला त्यावर कुणी ग्रंथ लिहायला पाहिजे. माणूस मुंबईला गिरणीत आणि बायकापोरं गावाकडं, अशा घराची चूल मनिऑर्डरवर पेटायची. कार्ड वाचायला वस्तीतलं शाळेत जाणारं एखादं पोरगं धरून आणायचं. कोपरा फाडलेलं कार्ड आलं की वाचायच्या आधीच रडारड सुरू. काही गावांत पोस्टमन वस्तीत पाय टाकत नसे, वेशीवरनंच हाक मारायचा, असं जुनी माणसं सांगत. तरीपण ज्याच्या नावाचं कार्ड त्याच्याच हातात पडायचं, ही गोष्ट लहान नव्हती. तराळाच्या घरी पहिल्यांदा त्याच्या स्वतःच्या नावाचा सांगावा आला तो टपालानं.

मग सगळ्या समाजाचाच सांगावा निघाला. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केला. त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. पैसे घेऊन साधी जाहिरात छापायलाही 'केसरी' तयार नव्हता. लगेच २१ आणि २२ मार्चला माणगावची परिषद झाली. माणगाव तेव्हा कागल जहागिरीतलं, म्हणजे आपल्याच घरचं. महाराज स्वतः आले आणि बाबासाहेब हे तुमचे पुढारी, असं त्यांनी सर्वांसमक्ष सांगितलं. पुढं एप्रिल १९२५ मध्ये आपल्या शेजारी निपाणीला बहिष्कृत परिषद भरली. एस. टी. तेव्हा कुठली? ती १९४८ साली सुरू झाली. लोक पायीच जायचे, भाकरी बांधून. पण पायांत फरक होता. तेच पाय पूर्वी दुसऱ्याच्या कामाला चालत होते.

आता विसाव्याचं. आठवड्याची सुट्टी ही सूर्य उगवल्यासारखी आपोआप येते, असं नव्या पोरांना वाटतं. मुंबईच्या गिरण्यांत दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम असायचं आणि आठवड्याची ठराविक सुट्टी नव्हतीच. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, 'दीनबंधू' पत्रातून हा प्रश्न लावून धरला आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. टपाल खात्यानं त्यांच्या नावाचं तिकीट काढलं ते २००५ साली! बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. त्या काळात, १९४५ साली, पगारी रजा कायद्यात आली आणि १९४६ साली आठवड्याला ४८ तासांची मर्यादा ठरली. फ्रान्सच्या कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा १९३६ साली मिळाली. कितीतरी कामगार कुटुंबांनी समुद्र पहिल्यांदा बघितला तो त्या उन्हाळ्यात.

विसावा म्हणजे नुसती झोप नव्हे. चार माणसांत बसून चहा पिणं हाही विसावाच. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांना महाराजांनी हॉटेल काढून दिलं आणि स्वतः तिथं जाऊन चहा प्यायले. मागोमाग बरोबरच्या बड्या मंडळींनाही प्यावा लागला. एका कप चहात केवढं राजकारण!

हे सगळं आजच का काढलं, त्याला कारण आहे. आमच्या धंद्यात कंत्राटावरची पोरं आता आठवडे आठवडे सुट्टी घेत नाहीत. घेतली तर रोज बुडतो आणि पुढल्या वेळी बोलावणं येत नाही. कायद्यात सुट्टी आहे, हातात नाही. मोबाईल मात्र प्रत्येकाच्या खिशात. रात्री अकराला मुकादमाचा मेसेज येतो, उद्या पहिल्या पाळीला या. झोपेतनं उठून जावं लागतं. हे आम्हाला तराळकीसारखंच दिसतं, फक्त घुंगरं वाजत नाहीत.

वस्तीतल्या एका घरात जुनी घुंगुरकाठी आहे. ती विहारात ठेवावी की जाळून टाकावी, यावरून मध्यंतरी बैठकीत बरीच खडाजंगी झाली. गुलामीची खूण बुद्धवंदनेच्या जागेत नको, असं काहींचं म्हणणं, आणि ते आम्हाला समजतं. आमचं म्हणणं असं की वंदनेच्या जागी नकोच, पण वाचनालयाच्या कपाटात असू द्या, खाली चिठ्ठी लावून. निर्णय अजून झालेला नाही. दरम्यान ज्यांच्या घरी मुंबईहून आलेल्या मनिऑर्डरची कुपनं, जुनी कार्डं, एस. टी.चे पास, परिषदांची पत्रकं पडून असतील त्यांनी ती रद्दीत घालू नयेत, विहारात आणून द्यावीत. रविवारी सकाळी वाचनालय उघडं असतं. पहिली पाळी असलेल्यांनी संध्याकाळी आणली तरी चालतील.