ययाति
वि. स. खांडेकर (१८९८–१९७६) यांची कादंबरी (१९५९). उपभोगाने वासना शमते का, हा तिचा गाभा. महाभारतातील कथेवर बेतलेल्या या कादंबरीत राजा ययाति आणि त्याच्या आयुष्यातील दोन स्त्रिया, देवयानी आणि शर्मिष्ठा, आपापली बाजू स्वतः मांडतात; एकच घटना प्रत्येकाच्या मनात निराळी उमटते. वार्धक्याचा शाप मिळालेला राजा पोटच्या मुलाकडेच, पुरूकडे, तारुण्य मागतो. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला पोचताच उघडतात. ययातीच्या मनाला अशी पातळीच ठाऊक नाही. संयमाची बाजू तपस्वी कच मांडतो, पण त्याचे बोलणे बरेचदा प्रवचनाकडे झुकते आणि लक्षात राहतो तो घसरणारा राजाच. खांडेकरांना १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. मराठीला तो प्रथमच. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात त्यांचे स्मृतिसंग्रहालय आहे.