रविवारचं रामायण आणि सातपाटीचा पापलेट

पालघरहून गुजरातच्या दिशेनं गाडी सुटली की उमरोळी, बोईसर, वाणगाव, डहाणू, घोलवड अशी स्टेशनं मागं टाकत ती उंबरगावला पोचते. हे उंबरगाव १९६० पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. द्विभाषिक राज्याचे दोन भाग झाले आणि ते गुजरातेत गेलं. मंडळी, याच उंबरगावात रामानंद सागर यांनी 'रामायण' मालिका चित्रित केली. २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८, दर रविवारी सकाळी साडेनऊ वाजता दूरदर्शनवर ती लागायची. लोक आंघोळ करून, टीव्हीला हार घालून, उदबत्ती लावून बसायचे. आणि आपल्या किनाऱ्यावर तर रविवार हा मासळीचा वार! पडद्यावर वनवासातली कंदमुळं, शबरीची बोरं. आणि मालिका संपली की टोपली घेऊन बाजाराची वाट. यात कुणाला काही विसंगत वाटत नव्हतं.

आता जरा पोथीकडे वळू. भरत रामाच्या शोधात गंगाकाठी येतो, तेव्हा निषादराज गुह त्याला भेटायला जातो. वाल्मीकींचा गुह सोबत काय नेतो? मासे, मांस आणि मध. तुलसीदासांच्या रामचरितमानसातही या भेटीच्या वेळी कंदमुळांबरोबर चांगले पोसलेले मोठे मासे कावडींतून येतात. नदीकाठचा, नावेवर जगणारा माणूस पाहुण्याला दुसरं काय देणार? सातपाटीच्या घरी गेलात तरी यजमान पापलेटच पुढे करील.

मग पडद्यावर सज्जन माणूस आणि शाकाहार यांची अशी पक्की गाठ पडली कधी? दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला आणि आपला सिनेमा जन्मला तोच पुराणकथेच्या पोटी. त्यामागून संतपट आले. दामले-फत्तेलाल यांचा 'प्रभात'चा 'संत तुकाराम' १९३६ चा. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम लोकांना इतका खरा वाटला की पुढे कित्येकांच्या मनातला तुकाराम त्याच चेहऱ्याचा झाला. वारकऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ आली की मांसमच्छी सुटते, हे आपल्याला ठाऊक आहे. पडद्यानं ते वेगळं सांगितलं नाही, फक्त सात्त्विकतेला एक ठरलेला चेहरा आणि एक ठरलेलं ताट दिलं. गंमत म्हणजे १९५७ च्या तेलुगू 'मायाबाजार'मध्ये राक्षसकुळातला घटोत्कच लग्नाचं जेवण एकट्यानं फस्त करतो, तेही लाडू-वडे! राक्षससुद्धा शाकाहारी करून टाकला.

हिंदी सिनेमात मासळी आली ती बहुधा ख्रिस्ती घरातून. राज कपूर यांच्या 'बॉबी'मध्ये (१९७३) नायिकेचा बाप जॅक ब्रगान्झा हा गोव्याचा मच्छीमार. दिलदार, पण पिणारा, मोठ्यानं बोलणारा, श्रीमंत घराला न शोभणारा. कोळी तर सिनेमात वर्षानुवर्षं नाचतच आला. लुगडं, टोपी, होडी, ढोलकी आणि गाणं संपलं की तो गायब. त्याच्या घरात शिजतं काय, हे दाखवायला कॅमेरा क्वचितच आत शिरला. दूरचित्रवाणीनं तर ताट आणखी निवडून घेतलं. २००० साली सुरू झालेल्या 'क्यूँकी सास भी कभी बहू थी'मधलं विरानी घराणं गुजराती. त्यानंतर कितीतरी वर्षं छोट्या पडद्यावरचं 'चांगलं कुटुंब' म्हणजे असंच मोठ्ठं देवघर आणि शुद्ध शाकाहारी स्वयंपाकघर असं समीकरण होऊन बसलं. मराठी मालिकांतही पुरणपोळी आणि मोदक जितके दिसतात, तितकी बोंबलाची कढी दिसत नाही.

२०१४ च्या नमुना नोंदणी सर्वेक्षणाप्रमाणे पंधरा वर्षांवरच्या दर शंभर भारतीयांत एकाहत्तर मांसाहारी आहेत. महाराष्ट्रात साठच्या आसपास, गुजरातेत एकोणचाळीस. पण या आकड्यांतही आपला किनारा नीट मावत नाही. आमच्याकडे माणूस वारानं शाकाहारी असतो. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, चतुर्थी गणपतीची. जून-जुलैत सरकारी मासेमारी बंदी, तेव्हा माळ्यावरचे सुके बोंबील आणि सुकट उतरते, मग श्रावण. एकाच घरात आजोबा माळकरी, त्यांचं भांडं वेगळं, आणि त्याच चुलीवर नातवासाठी मांदेली तळली जाते. आजोबा नाक मुरडत नाहीत. जंगलपट्टीतला वारलीसुद्धा आठवडी बाजारातून सुकी मासळी नेतो. हे घर, ही चूल पडद्यावर यायला हवी होती, असं मला फार वाटतं.

उलट झालं असं की पडदा आणि ताट यांच्यातलं भांडण वाढलं. 'अन्नपूर्णी' हा तमिळ चित्रपट डिसेंबर २०२३ मध्ये आला. ब्राह्मण घरातली मुलगी मांसाहारी पदार्थ शिकून मोठी आचारी होते, अशी गोष्ट. रामानं मांस खाल्ल्याचा उल्लेख असलेल्या संवादावरून मुंबईत तक्रार झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवरून तो काढला गेला. त्याच वर्षी, २०२३ मध्येच आलेल्या 'तरला'ची वाट सोपी होती. शाकाहारी पाककृतींसाठी प्रसिद्ध असलेल्या तरला दलाल यांच्यावरच्या या चित्रपटात नवरा चोरून सामिष खातो आणि बायको त्याच चवीचे शाकाहारी पदार्थ रांधते. हसत-खेळत प्रश्न सुटतो. चोरून का खावं लागावं, हे मात्र राहूनच जातं.

हा केवळ करमणुकीचा विषय असता तर सोडून दिला असता. पण मुंबईत घर भाड्यानं घ्यायला गेलेल्या कितीतरी जणांना आधी विचारलं जातं, 'नॉनव्हेज खाता का?' मुरबे, नवापूर, दांडीच्या किनाऱ्यावरून नोकरीसाठी शहरात गेलेल्या मुलाला आपल्या घरचा वास लपवावासा वाटू लागतो. त्याच्या घरच्यांचं पोट मात्र त्याच मासळीवर. तारापूरच्या कारखान्यांच्या सांडपाण्यानं समुद्र बिघडतो, म्हणून हरित लवादाकडे गेली ती मांगेला समाजाची संघटना. २०२२ साली लवादानं शंभरावर कारखान्यांना भरपाई भरायला सांगितलं.

आणि २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं पापलेटला राज्यमासा घोषित केलं. सातपाटीच्या मच्छीमारांचीच ती मागणी होती. लहान पिल्लं जाळ्यात मारली जाऊ नयेत, मासा टिकावा, हा त्यामागचा हेतू. पापलेटाला असा मान मिळाला. त्या मासळीच्या घरातली एखादी सासू, एखादी सून, त्यांचा सोमवारचा उपास आणि रविवारचं कालवण घेऊन एखादी मराठी मालिका कुणी काढलीच, तर तिचं चित्रीकरण करायला उंबरगावपर्यंत जायचंही कारण नाही.