मध्यम श्रेणीच्या व्यावसायिक संगणकांमधील फाईल हस्तांतरण : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
संगणकाच्या इतिहासाचे लेखन बहुतांशी यंत्रांचा वेग, स्मृतीची क्षमता आणि त्यांचे निर्माते यांच्याभोवती फिरत राहिले आहे. एका यंत्रातील माहिती दुसऱ्या यंत्रात जशीच्या तशी कशी पोहोचली, हा प्रश्न त्या मानाने दुर्लक्षित राहिला. वास्तविक व्यापारी संस्थेच्या दृष्टीने हाच प्रश्न जिव्हाळ्याचा असतो. मुख्य कार्यालयातील खतावणी आणि शाखेतील खतावणी यांत एका अंकाचा फरक पडला तरी संपूर्ण हिशेब अविश्वसनीय ठरतो. प्रस्तुत लेखात आय.बी.एम. कंपनीच्या मध्यम श्रेणीच्या संगणकांच्या, विशेषतः ए.एस./४०० या प्रणालीच्या संदर्भात फाईल हस्तांतरणाच्या विकासाचा आढावा घेण्यात आला आहे.

मध्यम श्रेणीच्या संगणकांची पार्श्वभूमी :
मोठे मेनफ्रेम संगणक विकत घेणे लहान व मध्यम उद्योगांच्या आवाक्याबाहेरचे होते. ही गरज ओळखून आय.बी.एम.च्या अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर येथील केंद्राने १९६९ मध्ये सिस्टिम/३ हा संगणक बाजारात आणला. त्यापाठोपाठ सिस्टिम/३२ (१९७५), सिस्टिम/३४ (१९७७), सिस्टिम/३८ (१९७८) आणि सिस्टिम/३६ (१९८३) या प्रणाली जाहीर झाल्या. सिस्टिम/३६ ची सुलभता आणि सिस्टिम/३८ ची प्रगत रचना यांचा मेळ घालून २१ जून १९८८ रोजी ए.एस./४०० ची घोषणा करण्यात आली. सिस्टिम/३८ आणि ए.एस./४०० यांच्या रचनेत फ्रँक सोल्टिस यांचे योगदान महत्त्वाचे मानले जाते.

या परंपरेचे एक वैशिष्ट्य येथे नोंदविणे आवश्यक आहे. सिस्टिम/३८ पासून संगणकातील प्रत्येक गोष्ट 'ऑब्जेक्ट' म्हणून ओळखली जाऊ लागली. फाईल म्हणजे केवळ अक्षरांची रांग नव्हे, तर कोणता रकाना किती लांबीचा आहे, त्यात अक्षरे आहेत की अंक, याचे वर्णन फाईलबरोबरच साठविले जात असे. एका यंत्रात हे वर्णन सामर्थ्य ठरले. दोन यंत्रांच्या दरम्यान मात्र तीच अडचण ठरली.

टपालाच्या धर्तीवरील व्यवस्था :
आरंभीच्या काळात डिस्केट किंवा चुंबकीय फीत एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी माणसाच्या हाती पाठविणे, हाच सर्वमान्य मार्ग होता. आय.बी.एम.ने १९७४ मध्ये एस.एन.ए. ही संदेशवहनाची रचना जाहीर केल्यानंतर तारेवरून माहिती पाठविण्यास शिस्त लाभली. याच रचनेवर आधारित 'स्नॅड्स' या सेवेची कार्यपद्धती टपालखात्यासारखी होती. पाठविणाऱ्याने फाईल आपल्या यंत्राच्या स्वाधीन करावयाची, वाटेतील यंत्रांनी ती साठवून पुढे धाडावयाची आणि प्राप्तकर्त्याने स्वतंत्र आज्ञा देऊन ती ताब्यात घ्यावयाची, असा क्रम असे. प्रेषक व प्राप्तकर्ता या दोघांचीही नोंद यंत्रातील निर्देशिकेत असावी लागे. म्हणजेच येथे ओळख आधी आणि देवाणघेवाण नंतर, हे तत्त्व होते. परंतु ही व्यवस्था मुख्यत्वे एकाच कंपनीच्या यंत्रांच्या कुटुंबापुरती सोयीची होती.

एफ.टी.पी.चा उदय :
या बंदिस्त व्यवस्थेला समांतर असा दुसरा प्रवाह विद्यापीठीय क्षेत्रात आकार घेत होता. आय.आय.टी. कानपूरच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर अभय भूषण यांनी अमेरिकेतील एम.आय.टी. येथे असताना अर्पानेटसाठी फाईल हस्तांतरणाच्या नियमांचा मसुदा तयार केला. १६ एप्रिल १९७१ रोजीचा हा दस्तऐवज आर.एफ.सी. ११४ या क्रमांकाने ओळखला जातो. पुढे १९८५ मध्ये जॉन पोस्टेल आणि जॉयस रेनॉल्ड्स यांनी आर.एफ.सी. ९५९ द्वारे या नियमांना स्थिर रूप दिले. निरनिराळ्या निर्मात्यांच्या, परस्परांना अपरिचित यंत्रांमध्ये देवाणघेवाण व्हावी, हा या नियमांचा मूळ हेतू होता.

या हेतूमागे लिपीभेदाची समस्या होती. आय.बी.एम.ने १९६४ मध्ये सिस्टिम/३६० सोबत एब्सिडिक ही संकेतपद्धती रूढ केली, तर इतरत्र आस्की प्रचलित झाली. इंग्रजी 'ए' या मोठ्या अक्षराचा संकेत आस्कीमध्ये ६५, तर एब्सिडिकमध्ये १९३ असतो. आस्कीमध्ये अंक अक्षरांच्या आधी येतात, तर एब्सिडिकमध्ये अक्षरांच्या नंतर. त्यामुळे एफ.टी.पी.मध्ये लिप्यंतर करून पाठविण्याचा व काहीही बदल न करता पाठविण्याचा, असे दोन्ही पर्याय ठेवण्यात आले.

दोन ए.एस./४०० आणि 'सेव्ह फाईल' :
१९९० च्या दशकात टी.सी.पी./आय.पी. जाळ्यांचा प्रसार झाल्यावर ए.एस./४०० च्या वापरकर्त्यांनीही एफ.टी.पी.चा स्वीकार केला. येथे एक विसंगती समोर आली. एकाच जातीची दोन यंत्रे परस्परांची भाषा पूर्णपणे जाणत होती, परंतु त्यांच्यातील दुभाषी असलेल्या एफ.टी.पी.ला ऑब्जेक्ट म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते. फाईल सरळ पाठविल्यास त्यातील नोंदी पोहोचत, मात्र रकान्यांचे वर्णन मागेच राही. संगणक कार्यक्रम तर अशा रीतीने पाठविताच येत नसे.

यावर 'सेव्ह फाईल' हा उपाय रूढ झाला. आवश्यक ऑब्जेक्ट प्रथम सेव्ह फाईलमध्ये बांधावयाचे, दुसऱ्या यंत्रावर तशीच रिकामी सेव्ह फाईल आधी निर्माण करावयाची, नंतर 'बायनरी' पद्धतीने ती पाठवावयाची आणि शेवटी तेथे ऑब्जेक्ट पूर्ववत करावयाचे, अशा चार पायऱ्या होत्या. यातील प्रत्येक पायरीला कारण होते. सेव्ह फाईलमधील प्रत्येक नोंद ५२८ बाइटची असते. सामान्य रीतीने पाठविताना रिकामी सेव्ह फाईल आधी तयार नसल्यास दुसरे यंत्र साधी फाईल निर्माण करी आणि ती पूर्ववत करण्यास निरुपयोगी ठरे. 'बायनरी' ऐवजी लिप्यंतराचा पर्याय राहून गेल्यास संपूर्ण गठ्ठा बिघडे. हिशेबाच्या फाईलींत हा धोका अधिक गंभीर होता. तेथे रकमा 'पॅक्ड डेसिमल' पद्धतीने, म्हणजे एका बाइटमध्ये दोन अंक याप्रमाणे साठविलेल्या असत. लिप्यंतर करणारी यंत्रणा त्यांना अक्षरे समजून बदलीत असे आणि रक्कम नष्ट होई.

याशिवाय आवृत्तीचा प्रश्न होता. नव्या आवृत्तीच्या यंत्राने बांधलेला गठ्ठा जुन्या आवृत्तीच्या यंत्रास उघडता यावा, यासाठी बांधतानाच लक्ष्य आवृत्ती नमूद करावी लागे. १९९५ मध्ये ए.एस./४०० चा ४८ बिटांच्या प्रक्रियकाकडून ६४ बिटांच्या पॉवरपीसी प्रक्रियकाकडे प्रवास झाला, तेव्हा याच प्रश्नाने मोठे रूप धारण केले. ज्या कार्यक्रमांसोबत त्यांचे मूळ वर्णन जपून ठेवले होते, ते नव्या यंत्रावर आपोआप रूपांतरित झाले. जागा वाचविण्यासाठी ज्यांचे वर्णन काढून टाकले होते, ते मूळ संहितेवरून पुन्हा तयार करावे लागले. जेथे मूळ संहिताही हरवली होती, तेथे अनेक वर्षांच्या श्रमावर पाणी सोडण्याची वेळ आली.

भारतीय संदर्भ :
१९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार भागभांडवल कमी करण्यास नकार देऊन आय.बी.एम.ने १९७८ मध्ये भारतातील कामकाज बंद केले. तिच्या यंत्रांची देखभाल सी.एम.सी. या सार्वजनिक क्षेत्रातील संस्थेकडे आली. सिस्टिम/३८ ची घोषणा नेमकी त्याच वर्षी झाली. १९९२ मध्ये टाटा समूहाबरोबरच्या भागीदारीतून कंपनी परतली, तेव्हा जगभरात ए.एस./४०० रुळलेली होती. फाईल हस्तांतरणाच्या नियमांचा पहिला मसुदा एका भारतीयाने लिहिला असला, तरी या यंत्रपरंपरेच्या घडणीच्या काळात भारत तिच्यापासून दूर होता, ही बाब लक्षणीय आहे.

विश्वासाचा प्रश्न :
एफ.टी.पी. घडले ते परस्परांना ओळखणाऱ्या संशोधकांच्या छोट्या वर्तुळात. त्यामुळे परवलीचा शब्द जाळ्यावरून उघडपणे पाठविण्यात कोणाला गैर वाटले नाही. व्यापारी जगात मात्र ही त्रुटी ठरली. १९९७ मध्ये सुरक्षाविषयक विस्तार प्रसिद्ध झाला आणि २००५ मध्ये सांकेतिक आवरणाखाली एफ.टी.पी. वापरण्याचे नियम ठरविण्यात आले. २०२१ मध्ये क्रोम व फायरफॉक्स या ब्राउझरांनी एफ.टी.पी.ची सोय काढून टाकली. ए.एस./४०० ची कार्यप्रणाली मात्र २००८ पासून 'आय.बी.एम. आय' या नावाने पुढे चालू राहिली आहे.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, फाईल हस्तांतरण ही केवळ तांत्रिक क्रिया नसून संकेत, रचना, आवृत्ती आणि ओळख यांविषयीचा करार आहे. दुसरी, सर्वांसाठी खुली असलेली साधी पद्धती विशिष्ट यंत्रांसाठी घडविलेल्या परिपूर्ण पद्धतीपेक्षा अधिक दूरवर पसरली, मात्र त्यासाठी वापरकर्त्याला आपली माहिती स्वतः बांधून द्यावी लागली. तिसरी व सर्वात महत्त्वाची बाब अशी की, माहिती टिकते ती तिच्या वर्णनासह. वर्णन गमावलेले आकडे पोहोचतात, पण त्यांचा अर्थ पोहोचत नाही. महाविद्यालये व ग्रंथालये आपले जुने अभिलेख नव्या संगणकांवर नेत असताना रॉचेस्टरच्या यंत्रांचा हा अनुभव मार्गदर्शक ठरावा.