शांततेचा परीघ : खोडदची दुर्बीण आणि जुन्नर-आंबेगावची जमीन

विमानतळ आला की भोवतालची जमीन दोन प्रकारे हातची जाते. धावपट्टीखाली येणारी जमीन संपादनात जाते. तिची नोटीस निघते, मोजणी होते, मोबदल्यावरून भांडण होते. दुसरी जमीन मालकाच्याच नावावर राहते, पण तिच्या वापरावर बंधन येते. १९३४च्या विमान कायद्यात १९७२ साली कलम ९-अ आले आणि विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून २० किलोमीटरपर्यंत इमारतींच्या, इतकेच नव्हे तर झाडांच्याही उंचीवर मर्यादा घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. पुण्यात लोहगावच्या आसपास घर बांधणाऱ्यांना हे नवे नाही.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत विमानतळ नाही. शेजारच्या खेड तालुक्यात, चाकण-राजगुरूनगर परिसरात तो व्हावा अशी चर्चा बरीच वर्षे चालली. २०१६ मध्ये तो पुरंदरकडे वळला. तरीही ‘सातबारा आपला, परवानगी दुसऱ्याची’ ही स्थिती या दोन तालुक्यांच्या परिचयाची आहे. तिचे कारण आहे खोडदची दुर्बीण.

या मुलखाचे भूगोलाशी जुने नाते आहे. सातवाहनकाळात कोकणातला माल नाणेघाटातून जुन्नरच्या बाजारपेठेत चढत असे. डोंगरांनी तेव्हा वाट दिली. विसाव्या शतकात त्यांनी आडोसा दिला. १९७१ साली नारायणगावजवळ आर्वी येथे परदेशी दळणवळणासाठीचे देशातले पहिले उपग्रह भू-केंद्र सुरू झाले. पुढे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी आपल्या महादुर्बिणीसाठी याच परिसरातले खोडद निवडले. पुणे सुमारे ८० किलोमीटरवर, भोवती डोंगर, आणि मानवनिर्मित रेडिओ-गोंगाट कमी, हे त्यामागचे हिशेब होते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या राहिल्या. त्यांपैकी १४ मध्यभागी एका चौरस किलोमीटरच्या आसपास आहेत. उरलेल्या १६ इंग्रजी वाय आकाराच्या तीन भुजांवर सुमारे २५ किलोमीटरच्या विस्तारात, शेताशिवारांमध्ये विखुरल्या आहेत. ४ ऑक्टोबर २००१ रोजी जीएमआरटी राष्ट्राला अर्पण झाली.

आकाशातून येणारे रेडिओ-संकेत अतिशय क्षीण असतात. वेल्डिंगची ठिणगी, वीजवाहिनीवरचा सदोष इन्सुलेटर, मोबाइलचा मनोरा, वरून जाणाऱ्या विमानाची संदेशयंत्रणा, यांतले काहीही त्यांना बुडवू शकते. म्हणून खोडदभोवतीच्या सुमारे ३० किलोमीटरच्या टापूत नव्या उद्योगांवर नियंत्रण आले. राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची ना हरकत लागू लागली. नारायणगाव, मंचर, जुन्नर ही गावे या परिघातच येतात. विमानतळ उंची मोजतो, दुर्बीण ठिणगी मोजते; शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर बंधनाची जात एकच.

या बंधनाने काय दिले आणि काय नेले? महामार्गाने तासाभरावर असलेल्या चाकणला वाहन उद्योग आला, शेतांवर शेड उभ्या राहिल्या, जमिनीचे भाव चढले. इकडे कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर द्राक्ष, टोमॅटो, कांदा, ऊस पिकत राहिला. काळी जमीन वाचली, असे म्हणणारे आहेत आणि त्यात तथ्य आहे. पण मुलगा पदविका घेऊन चाकणला खोली करून राहतो, त्या घराला हे तथ्य पुरेसे वाटत नाही. शेती वाचली म्हणून तिच्यावर सगळ्यांचे भागते असे नाही.

हा प्रश्न सर्वांत ठळक झाला तो रेल्वेमुळे. पुणे-नाशिक नियोजित अर्ध-अतिजलद मार्ग सुमारे २३५ किलोमीटरचा. तो राजगुरूनगर, मंचर, नारायणगाव करत संगमनेरकडे जाणार होता. भूसंपादनही सुरू झाले होते. मग जीएमआरटीला होणाऱ्या व्यत्ययाचे कारण पुढे आले आणि रेल्वे मंत्रालयाने शिर्डीमार्गे पर्याय मांडला. मूळ मार्गच हवा, ही मागणी शिरूरचे खासदार अमोल कोल्हे यांनी लोकसभेत नेली. कारखान्याला नाही म्हटले तेव्हा नुकसान उद्योजकाचे दिसत होते. रेल्वे वळली तेव्हा ते प्रत्येक घराचे झाले.

येथे विज्ञान विरुद्ध विकास अशी मांडणी सोपी, पण चुकीची आहे. दर वर्षी विज्ञान दिनाला खोडदला लोटणारी शाळकरी मुले याच गावांतली असतात. खरी उणीव कायद्याच्या चौकटीत आहे. दक्षिण आफ्रिकेने आपल्या दुर्बिणींसाठी २००७ साली स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे विमानतळाभोवती किती उंच बांधता येईल याचे रंगीत नकाशे तयार होतात आणि नागरिक ते पाहू शकतो. रेडिओ-शांततेसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. कारभार ना हरकत पत्रांवर चालतो.

संपादित जमिनीला मोबदला मिळतो, बांधल्या गेलेल्या वापराला मिळत नाही. देशाला ही शांतता हवी असेल, तर तिचा परीघ गावागावाच्या नकाशावर उघडपणे आखला पाहिजे. कोणता व्यवसाय चालेल हे आधी सांगितले पाहिजे. आणि शीतगृहे, फळप्रक्रिया, पर्यटन अशा चालणाऱ्या व्यवसायांसाठी या गावांना अग्रक्रमाने निधी दिला पाहिजे. राज्य सरकारने २०१८ साली जुन्नरला पर्यटन तालुका जाहीर केले. त्या घोषणेमागे किती पैसा उभा राहतो, यावरच या शांततेची किंमत कोण भरणार हे ठरेल.